कॉन्ट्रीचा पिझ्झा आणि काउंटरमागची मैत्रीण

शेवटचं लेक्चर संपलं की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज पडतो, 'कुठे बसायचं?' खायचं काय, हा प्रश्न त्यानंतरचा. पुण्या-ठाण्याच्या मित्रांना यात काही विशेष वाटणार नाही. भिवंडीत मात्र हा रोजचा कम्पल्सरी प्रश्न आहे, ऑप्शनला टाकता येत नाही.

आमच्या गावातले पत्ते बघा. कल्याण नाका, धामणकर नाका, वंजारपट्टी नाका, अंजूरफाटा. सगळी गाड्या वळायची ठिकाणं. २०११च्या जनगणनेतच इथं सात लाखांच्या वर माणसं मोजली गेली होती आणि त्या सगळ्यांना रोज हेच रस्ते ओलांडायचे असतात. एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे लादलेला टेम्पो, मधल्या फटीत रिक्षा. मुलं टपरीवर कटिंग घेऊन तासभर उभी राहू शकतात. आम्ही चौघी मुली तिथं उभ्या राहिलो, तर दहाव्या मिनिटाला कोणाच्या तरी मामांना फोन गेलेला असतो.

गेल्या महिन्यात पुरवणीच्या मीटिंगमध्ये एक विषय निघाला. चौकातलं, एकाच कुटुंबानं चालवलेलं इटालियन पिझ्झा रेस्टॉरंट. ट्रॅव्हलच्या रील्समध्ये असतं ना, तसं. दगडी चौक, मध्ये कारंजं, भट्टीपाशी आजोबा, आत सॉस ढवळणारी आजी, बाहेर खुर्च्या आणि कोणालाच कसली घाई नाही. कोणीतरी विचारलं, "तुझ्या भिवंडीत आहे का गं असं काही?" सगळे हसले. मीही हसले. घरी येताना ट्रेनमध्ये मात्र ते हसणं जरा टोचायला लागलं. कारण मला एक दुकान आठवलं.

कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, एका गल्लीच्या तोंडाशी, सहा टेबलांचं ते दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण काकूंनी तशी अट घातलीय आणि त्यांची मुलगी माझी मैत्रीण आहे. बोर्डावर इटलीचा झेंडा रंगवलाय, त्यातला हिरवा रंग उन्हानं उडालाय. झेंड्याखाली ओळीनं लिहिलंय: पिझ्झा, सँडविच, फ्रँकी, चायनीज भेळ. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी हिंदी, आमच्याशी मराठी. मैत्रिणीचे आजोबा तेलंगणातून लूमवर काम करायला इथं आले. वडिलांनी पै पै जोडून स्वतःचे चार लूम घेतले आणि मंदी आली तेव्हा ते भंगाराच्या भावात, किलोवर विकले. त्या पैशांत ओव्हन आला. भाऊ तीन वर्षं नवी मुंबईतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये होता, तो पिझ्झा शिकून आला. मैदा काकू मळतात. काका सामान आणतात आणि गल्ल्यावर बसतात. इटालियन माणूस या दुकानात कधी आलेला नाही. तरी मी म्हणते, भिवंडीतलं चौकातलं फॅमिली रेस्टॉरंट ते हेच.

उधारीवरचा पिझ्झा

आपल्याकडं पिझ्झा आला तोच मुळी एसी लावून आला. डॉमिनोज आणि पिझ्झा हट हे दोघंही भारतात १९९६मध्ये उतरले. म्हणजे माझ्या जन्माआधीच. आमच्या पिढीला पिझ्झा म्हणजे वाढदिवसाची पार्टी, मॉल, आणि 'आज पप्पांनी पगार झाल्यावर नेलं' एवढंच ठाऊक. म्हणून पिझ्झा हे श्रीमंतांचं खाणं आहे, असं आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय.

नेपल्समध्ये गोष्ट उलटी होती. तिथं पिझ्झा हे कष्टकऱ्यांचं, खिशात चार नाणी असलेल्या माणसांचं खाणं. रस्त्यावर विकलं जायचं आणि उभ्याउभ्या खाल्लं जायचं. आपल्या वडापावासारखं. १८८९मध्ये मार्गारिटा राणीला टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीची चुलतबहीण असलेल्या बेसिलचा पिझ्झा खिलवला आणि त्याला तिचं नाव पडलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. अभ्यासक त्या गोष्टीवर शंका घेतात. मला त्याहून जास्त आवडते ती तिथली उधारीची पद्धत. तिला 'अ ओत्तो' म्हणत. आज पिझ्झा खा, आठ दिवसांनी पैसे दे. १९५४च्या 'लोरो दी नापोली' या सिनेमात सोफिया लॉरेन नवऱ्याबरोबर गल्लीत तळलेले पिझ्झे विकते, तेही याच उधारीवर.

हे वाचलं आणि मला एकदम आमची भिशी आठवली. पैशांची भिशी नाही, जेवणाची. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले लूमचे कामगार खोल्यांमध्ये दाटीवाटीनं राहतात. स्वयंपाकाला तिथं जागा नसते. मग ते भिशीत जेवतात. दोन वेळचं जेवण, हिशेब महिन्याचा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लूम थांबले, भिश्या बंद पडल्या आणि तेव्हा कळलं की हे शहर कोणाच्या चुलीवर चालत होतं. मुंबईतल्या गिरणगावात हेच काम खानावळवाल्या बायकांनी केलं. त्यांची संघटना बांधायला प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

सांगायचा मुद्दा असा, की कुटुंबानं चालवलेलं खाण्याचं दुकान हे काही रीलसाठी जन्माला आलेलं नाही. जिथं माणसं घरापासून लांब राबतात आणि हातात रोजचे पैसे नसतात, तिथं ते उभं राहतं. कारण तिथला मालक तोंड बघून उधारी देतो. आमच्या मैत्रिणीच्या दुकानातही गल्ल्याखाली एक वही आहे. तिच्यात माझं नाव दोनदा चढलंय. इंटर्नशिपचे पैसे कधी येतात, हे त्या वहीला माझ्या आईपेक्षा जास्त माहीत आहे.

म्हैस आपली, भट्टी आपली

'पण तो ओरिजिनल पिझ्झा नाही,' असं आमच्यातलाच एक जण नेहमी म्हणतो. बरोबर आहे त्याचं. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेली पिझ्झावाल्यांची एक संघटना आहे. तिचे नियम कडक. बेसमध्ये पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बाकी काही नाही. हातानं पसरायचा, लाटणं चालणार नाही. लाकडाच्या भट्टीत साधारण ४८५ अंश सेल्सिअसला साठ ते नव्वद सेकंद. या सगळ्या हस्तकलेला २०१७मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या काकूंचा गॅसचा ओव्हन त्या तापमानाच्या आसपासही जात नाही. पिझ्झा व्हायला सहा-सात मिनिटं लागतात आणि वर शेजवान सॉसचा पर्याय आहे.

पण ओरिजिनलवाल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नेपल्सच्या परिसरातलं नावाजलेलं मोझरेला हे म्हशीच्या दुधाचं असतं. म्हैस! ठाणे जिल्ह्यातल्या तबेल्यांमधून रोज सकाळी आपल्या घरी येतं तेच दूध. टोमॅटो अमेरिका खंडातून युरोपात गेला, तसाच आपल्याकडंही आला. आणि मैद्याचा फुगलेला पाव भट्टीत भाजायचा म्हटलं, तर शेजारच्या वसईत पोर्तुगीज दोनशे वर्षं होते. पाव हा शब्दच त्यांचा. म्हणजे कच्चा माल सगळा हाताशी होता, फक्त तो एकावर एक ठेवायचं आपल्याला सुचलं नव्हतं, एवढंच.

आणखी एक गंमत. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातलं रेनेट वापरून बनतं. म्हणजे पूर्ण इटालियन नियमांनी पिझ्झा केला आणि वर ते चीज किसलं, तर आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणी तो खाऊच शकणार नाहीत. इथल्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो म्हणून आम्ही खातो. ओरिजिनल नसणं ही इथं सोयीची गोष्ट आहे.

चौघी आणि एक ताट

या सोयीबद्दल थोडं गंभीरपणे सांगायचंय.

आमचा ग्रुप चौघींचा. एक जैन, एक मोमीन, एक आगरी आणि मी. तीन वर्षं एकाच बेंचच्या आसपास बसलो. एकमेकींच्या डब्यात हात घालताना मात्र कायम हिशेब. तिचा कांदा-लसूण चालत नाही. हिला हलाल नसेल तर नको. तिसरीच्या घरी मासळी नसेल तर जेवण झालं असं कोणी मानत नाही, पण सोमवार असला की अंडंही नाही. चौघींनी एका ताटातून खायचं म्हटलं, तर भिवंडीत पर्याय किती उरतात? एक म्हणजे चहा. आणि दुसरा, जैन सॉसवाला चीज पिझ्झा. काकू आमची ऑर्डर आता विचारतच नाहीत. आठ तुकडे, प्रत्येकीला दोन, कॉन्ट्री सारखी. टीटीएमएमचा इतका स्वच्छ हिशेब दुसऱ्या कुठल्या पदार्थात जमत नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? भिवंडीत हे मोठं आहे. १९७० आणि १९८४, ही दोन सालं आमच्या आजीच्या पिढीसमोर नुसती उच्चारली तरी घरातलं वातावरण बदलतं. त्या दोन्ही दंगलींनी या गावाच्या गल्ल्या वाटून टाकल्या. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथं मोहल्ला कमिट्यांचा प्रयोग केला. वेगवेगळ्या वस्त्यांमधली माणसं नियमानं एका ठिकाणी बसायला लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेव्हा आमचा कोणाचा जन्मही झाला नव्हता. पण मला त्यातून एवढंच कळतं, की माणसं शांत राहावीत असं वाटत असेल, तर आधी ती एकत्र बसली पाहिजेत. आणि बसायला टेबल लागतं.

मोहल्ला कमिटी आणि चीज पिझ्झा यांची तुलना करतेय म्हणून कोणी हसेल. हसू दे. पण माझ्या मोमीन मैत्रिणीच्या अम्मीनं तिला या दुकानात यायची परवानगी दिली ती काकूंना भेटून गेल्यावर. आणि माझ्या जैन मैत्रिणीच्या पप्पांनी सुरी आणि बोर्ड वेगळा आहे, हे स्वतः किचनमध्ये येऊन बघितलं. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या आउटलेटमध्ये असं किचनमध्ये शिरता येणार नाही. ओळखीचं माणूस आहे म्हणून हे झालं.

गुडलकचं नाव चौकाला

महाराष्ट्रात हे आधीही झालंय. परदेशी माणसं, त्यांचं वेगळं खाणं, घरचाच धंदा आणि चौकातली मोक्याची जागा. इराणी हॉटेलांची गोष्ट दुसरी काय आहे? मुंबईचं कयानी १९०४चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४चं, ब्रिटानिया १९२३चं. कोपऱ्यावरच्या दुकानांच्या जागा अनेकांना अपशकुनी वाटायच्या, त्या इराण्यांनी घेतल्या असं सांगतात. पुण्यात डेक्कनला १९३५मध्ये कॅफे गुडलक सुरू झालं आणि आता लोक त्या चौकालाच गुडलक चौक म्हणतात. फर्ग्युसनच्या कितीतरी बॅचेस तिथं बन मस्का खाऊन मोठ्या झाल्या असतील. एका चहावर दोन तास बसणारे विद्यार्थी त्या हॉटेलांनी सहन केले, म्हणून ती हॉटेलं शहराच्या आठवणीत राहिली.

पण आठवणीवर भाडं भरता येत नाही. मुंबईत एके काळी शेकड्यानं असलेले इराणी आता थोडेच उरलेत. मेरवान बंद होणार म्हणून २०१४मध्ये केवढी हळहळ झाली. शेवटचा मावा केक खायला लोकांनी रांगा लावल्या. ते पुन्हा उघडलं, ही चांगली गोष्ट. तरी मला राहून राहून वाटतं, त्या रांगेतले किती जण आदल्या वर्षी तिथं गेले होते?

साखळीवाल्यांचीही बाजू आहे

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, ही आता 'मोठ्या ब्रँडवर बहिष्कार टाका' म्हणणार. नाही म्हणणार. कारण मी खोटं बोलणार नाही.

अकरावीत असताना आम्ही मैत्रिणी पहिल्यांदा घरच्यांशिवाय बाहेर बसलो, ते एका मोठ्या साखळीच्याच आउटलेटमध्ये. भाव भिंतीवर लिहिलेला, त्यामुळं पैसे कमी पडतील ही भीती नव्हती. बाथरूम स्वच्छ होतं आणि त्याला आतून कडी होती. कोणी आडनाव विचारलं नाही. कोणी 'फॅमिली रूम वर आहे' म्हणून जिना दाखवला नाही. गावातल्या जुन्या हॉटेलांमध्ये आमच्यासाठी ती एक वेगळी खोली असते. पडदा लावलेली, पंखा बंद असलेली. खाली चौकाकडं तोंड करून बसायची टेबलं पुरुषांची. कुटुंबाच्या नावानं चालणाऱ्या हॉटेलात कुटुंबातल्या बायकांना माळ्यावर पाठवायचं, हे आपल्याला कधी विचित्र वाटलंच नाही.

डॉमिनोजची भारतात दोन हजारांवर दुकानं झाली, ती काही लोकांना फसवून नाही झाली. आपल्याला जे हवं होतं ते त्यांनी दिलं. इटलीत मात्र त्यांची डाळ शिजली नाही. २०१५मध्ये ते तिथं गेले, २०२२मध्ये सगळी दुकानं बंद करून परतले. कारण तिथं प्रत्येक गल्लीत आधीच चांगला पिझ्झा मिळत होता आणि लॉकडाऊननंतर त्या गल्लीवाल्यांनीही घरपोच द्यायला सुरुवात केली. म्हणजे छोट्या दुकानांनी भावनिक आवाहन करून कंपनीला हरवलं नाही. त्यांचा माल चांगला होता आणि सोय त्यांनी शिकून घेतली.

आणि 'फॅमिली-रन' हा शब्दही वाटतो तितका भोळा नाही. नेपल्सचं 'दा मिकेले' १८७०पासूनचं, कोंडुरो कुटुंबाचं. वर्षानुवर्षं मेन्यूत दोनच पिझ्झे, मारिनारा आणि मार्गारिटा. 'ईट प्रे लव्ह' सिनेमात ज्युलिया रॉबर्ट्स जिथं पिझ्झा खाते, ते हेच. आज त्याच्या शाखा टोकियो आणि लंडनमध्येही आहेत. चौकातलं दुकान चाललं तर त्याचीही साखळी होते.

काउंटरमागून

हा लेख लिहायचं ठरल्यावर मी मैत्रिणीला सांगितलं, की तुमच्या दुकानावर लिहितेय. मला वाटलं ती खूश होईल. ती टोमॅटो चिरत होती. म्हणाली, "लिही. पण त्यात हेही लिही, की मला हे दुकान नकोय."

मी गप्प झाले.

तिचं म्हणणं असं. दुपारी दोनला कॉलेज संपलं की तीन वाजता ती काउंटरवर. रात्री साडेदहाला शटर. शनिवार-रविवारी पूर्ण दिवस. तीन वर्षांत एकाही इंडस्ट्रियल व्हिजिटला ती आली नाही. शेवटच्या सेमिस्टरला दोन प्रॅक्टिकल बुडाली, कारण भावाला ताप होता. पगार? "घरच्या दुकानात कसला गं पगार?" भावाला महिन्याला खर्चाला म्हणून काही मिळतं, कारण तो 'शेफ' आहे. ती आणि काकू 'मदत करतात'. दुकानाचा परवाना काकांच्या नावावर, भाडेकरार काकांच्या नावावर, बँकेचं खातंही त्यांच्याच नावावर. मैदा मात्र काकूंच्या हातचा. हा पिझ्झा लोकांना आवडतो तो त्या बेससाठी.

"तुम्ही सगळ्या इथं येऊन बसता तेव्हा मला छान वाटतं," ती म्हणाली. "पण तुम्ही बसलेल्या असता आणि मी उभी असते."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. तीन वर्षं 'आमचा चौघींचा ग्रुप' म्हणत होते. त्या टेबलावर पाचवी कोण होती, हे मोजलंच नव्हतं.

नेपल्समध्ये सोर्बिलो नावाचं एक प्रसिद्ध पिझ्झा-घराणं आहे. १९३५मध्ये सुरू झालेलं. त्या आजी-आजोबांना एकवीस मुलं होती आणि एकवीसच्या एकवीस पिझ्झा बनवणारी झाली, असं कौतुकानं सांगितलं जातं. पूर्वी हे वाचलं तेव्हा मलाही भारी वाटलं होतं. आता वाटतं, त्या एकवीसमधल्या एखाद्या मुलीला शिक्षिका व्हायचं असेल तर? तिला कोणी विचारलं असेल का?

लूमचंही तेच झालं. आजोबा लूमवर, म्हणून वडील लूमवर. घरातल्या बायका कांड्या भरायच्या आणि त्याची मजुरी कुठल्याच वहीत नसायची. लूम विकून ओव्हन आणला, पण घरातल्या हिशेबाची पद्धत तीच राहिली.

मग करायचं काय?

मला काय वाटतं ते सरळ सांगते. ही सहा टेबलं टिकली पाहिजेत. पण ती माझ्या मैत्रिणीच्या संध्याकाळी गिळून टिकायला नकोत. दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात, फक्त त्यासाठी दुकानानं, आपण आणि शहरानं थोडं थोडं हलायला हवं.

पहिलं, दुकानानं. घरच्या माणसालाही पगार लावा. हजार रुपये का असेना, पण वहीत लिहा. जिची दुपार जातेय तिचं नाव हिशेबात दिसलं, की तिला सुट्टी मागता येते. एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला पार्टटाइम ठेवा. भिवंडीत गोडाऊनमध्ये पार्सल भरायला तासावर माणसं मिळतात, तर पिझ्झा कापायला का नाही मिळणार? भाव भिंतीवर लिहा. बाथरूमला कडी लावा, ही विनंती नाही, अट समजा. आणि मुलींना चौकाकडचं टेबल द्या.

दुसरं, आपण. 'लोकल सपोर्ट करा' अशी स्टोरी टाकून ॲपवरून डिस्काउंट कूपन शोधायचं, हे आपल्याला छान जमतं. मीही करते. २०१९च्या ऑगस्टमध्ये देशभरातल्या रेस्टॉरंटवाल्यांनी याच सवलतींना कंटाळून 'लॉगआऊट' मोहीम केली होती. ॲपवरच्या ऑर्डरीतून ॲपचा वाटा कापला जातो आणि छोट्या दुकानाला तो जड जातो. दुकान दहा मिनिटांवर असेल तर फोन करा, चालत जा, बसून खा. वहीतली उधारी आठ दिवसांत चुकती करा, नेपल्सचा नियम लक्षात ठेवा. आणि हो, 'इटालियन टेस्ट नाही' असा रिव्ह्यू टाकण्याआधी आपण इटलीत कधी गेलो होतो, ते आठवा.

तिसरं, शहर. इटलीतल्या त्या रील्समध्ये आपण पिझ्झा बघत बसतो आणि मागचा चौक बघतच नाही. गाड्या नसलेली जागा, बसायला पायऱ्या, पाण्याचा नळ. दुकान तिथं चालतं कारण माणसं तिथं आधीच बसलेली असतात. आमच्याकडं मेट्रोचे खांब उभे राहिलेत, उड्डाणपूल झालेत, गोडाऊनं तर मोजता येणार नाहीत इतकी. त्यात कुठं तरी शंभर फूट सलग फूटपाथ, चार बाक, दिवा आणि महिलांसाठी उघडं असलेलं स्वच्छतागृह बसवता येईल की नाही? निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना आपण पाणी आणि खड्डे विचारतो. यापुढं 'बसायला जागा कुठंय?' हेही विचारू. आपल्या वयाच्या मतदारानं नाही विचारलं तर कोण विचारणार?

लेखाचा पहिला ड्राफ्ट मी मैत्रिणीला वाचायला दिला. तिनं दोन ठिकाणी खुणा केल्या. एक, ओव्हन सहा नाही, आठ मिनिटं घेतो. दुसरी खूण 'पगार लावा' या ओळीवर होती. तिथं तिनं काही लिहिलं नव्हतं, नुसतं काकूंना वाचून दाखवलं म्हणाली.

काकूंनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "परीक्षा कधीपासून आहे तुमची?"

गेल्या सोमवारपासून दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवलाय. मराठी, हिंदी, उर्दू, तीन भाषांमध्ये. उर्दू माझ्या मोमीन मैत्रिणीनं लिहून दिलं. 'परीक्षेमुळे या महिन्यात दुकान संध्याकाळी सहानंतर उघडेल.' दुपारची गिऱ्हाइकं जातील म्हणून काका दोन दिवस कुरकुरले. पहिल्या दिवशी काही जण परत गेलेही. आम्ही चौघी साडेसहाला गेलो. मैत्रीण पुस्तक घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसली होती आणि ऑर्डर घ्यायला भाऊ आला.

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही आठ तुकडे पाच जणींत वाटले. हिशेब काही केल्या सारखा येईना. शेवटी आणखी एक मागवला.